एक ते एक्केचाळीस

“थांबाभाऊ, जरा इकडे या बरं! माझा पहिलाच पेशंट बेचाळीस नंबरचा कसा काय?”

थांबाभाऊंचा एक हात अजून कोटाच्या बाहीत होता आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. ते तसेच नोंदणीच्या खिडकीपाशी गेले. खिडकीतल्या बाईने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“शनिवारी शेवटचा नंबर दोन लाख अकरा हजार कितीतरी होता. आज बेचाळीस. रविवारच्या सुट्टीत हॉस्पिटल नव्याने जन्माला आलं की काय?”

रांगेतला एक जण हसला. थांबाभाऊ हसले नाहीत.

“किती नोंदी केल्यात?”

“पाच. शेहेचाळीसपर्यंत.”

“थांबा. सहावी करू नका.”

हा ‘थांबा’ त्यांच्या तोंडात इतका मुरला होता, की एकोणीस वर्षांत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. वीज जाऊन आली की साऱ्या हॉस्पिटलला कामाला लागायची घाई, आणि हे गृहस्थ मधे उभे राहून म्हणणार, “थांबा, दोन मिनिटं थांबा.” नर्सबायका त्यांच्या नकला करत. पण त्या थांबण्याला कारण होतं. हॉस्पिटलच्या साऱ्या नोंदी सर्व्हरमध्ये नव्हत्याच. त्या मागच्या इमारतीतल्या एका मोठ्या साठवणीच्या यंत्रात होत्या. त्याला सगळे ‘पेटी’ म्हणत. पेटी केबलने सर्व्हरला जोडलेली. वीज आली की पेटीला जागं व्हायला चार मिनिटं लागत, आणि सर्व्हर मिनिटभरात तयार. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पेटी जोडली जायच्या आत सर्व्हरवरचा डेटाबेस उठला, तर त्याला नेहमीच्या जागी रिकामा फोल्डर दिसे. मग तो तक्रार करत नसे, ओरडत नसे. आज्ञाधारक मूर्खासारखा तिथेच नवी कोरी वही उघडून एक नंबरापासून लिहायला लागे. नंतर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, की पेटी जोडली जाई, तिच्यातल्या नोंदी वर येत आणि ही वही खाली झाकली जाई, सतरंजीखाली राहिलेल्या चिठ्ठीसारखी.

म्हणून थांबाभाऊ सगळं हाताने चालू करत. आधी पेटी, तिचा दिवा स्थिर हिरवा झाला की मग सर्व्हर. काल नव्या बॅटऱ्या बसवायला वायरमन आला होता. त्याने आज सकाळी काम संपवलं आणि सगळी बटणं एकदम दाबून तो निघून गेला. एवढं त्यांच्या लगेच लक्षात आलं.

लक्षात येईना ते बेचाळीस. कोरी वही एकपासून सुरू होते. बेचाळीसपासून सुरू झाली, म्हणजे ती कोरी नव्हती.

“एक ते एक्केचाळीस कोण आहेत, बघा बरं,” ते म्हणाले.

बाईने यादी वर सरकवली. “अगं बाई! हे तर तीन वर्षांपूर्वीचे आहेत. सगळे एकाच दिवसाचे. सकाळी आठ दहा ते अकरा पन्नास. खिडकी क्रमांक दोन.” तिने मान वर केली. “म्हणजे ही माझीच खिडकी. माझ्या आधी कोण होतं इथे?”

माझी बहीण, असं थांबाभाऊ म्हणाले नाहीत. त्यांनी डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आलेल्यांची नावं तूर्त कागदावर लिहून घ्यायला सांगितलं आणि ते सर्व्हरच्या खोलीत गेले. डबा तिथेच राहिला.

*

ताई त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, त्यांच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली, त्यांचं शिक्षण व्हावं म्हणून स्वतःचं सोडलं. पुढे नवरा गेल्यावर ती या हॉस्पिटलात खिडकी क्रमांक दोनवर कंत्राटाने लागली. काम अगदी चोख. पेशंटला एखाद्या औषधाचा त्रास आहे का, हे ती दोनदा विचारायची. एकदा कागद भरताना आणि एकदा उठताना. “माणूस पहिल्यांदा उत्तर देतो ते घाईचं असतं,” असं म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात मोफत तपासणीचं शिबिर होतं. सगळे पेशंट नवे. थांबाभाऊ नेमके चार दिवस परगावी, बायकोच्या ऑपरेशनसाठी. जाताना यंत्रांचा क्रम ते साहेबांना समजावून गेले होते. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रशासक. हे दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलेले, एका डब्यात जेवलेले. चारचौघांत ‘साहेब’, खोलीत ‘अरे-तुरे’.

ते परत आले तेव्हा हॉस्पिटलात गहजब झालेला. शिबिरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला दुपारी इंजेक्शन दिलं आणि त्याचा श्वासच अडकला. जेमतेम वाचला, पण पुढे महिनाभर त्याला धड बोलता येईना. त्या इंजेक्शनचा त्याला पूर्वी त्रास झाला होता. घरच्यांचं म्हणणं, आम्ही सकाळी खिडकीवर सांगितलं होतं. ताईचं म्हणणं, मी लिहिलं होतं. आणि यंत्रात पाहावं, तर सकाळची एकही नोंद नाही. ताईची पाळी बाराला संपली होती. दुपारच्या पाळीच्या लोकांना नावं सापडेनात, म्हणून त्यांनी घाईघाईने नव्या नोंदी केल्या. त्यात त्रासाचा रकाना कोराच राहिला.

चौकशीत ताई एकच सांगत राहिली. “नंबर एकपासून सुरू झाले होते. मी त्याच सकाळी साहेबांना जाऊन सांगितलं.” साहेब शांतपणे म्हणाले, की बाई शिबिराच्या चिठ्ठ्यांवरच्या टोकन नंबराबद्दल बोलताहेत. चिठ्ठ्या वाटल्या, नोंदी नंतर करू म्हटलं आणि विसरल्या. माणूस आहे, होतं असं. सगळ्यांना ते पटलं.

मग थांबाभाऊंना विचारलं, यंत्रात काही बिघाड होता का?

त्यांनी आदल्या संध्याकाळी साहेबाला खोलीत गाठून विचारलं होतं. साहेब म्हणाला होता, “दुपारी वीज गेली तेव्हा एकदाच बंद-चालू केलं, तुझ्याच क्रमाने. तुझी शपथ.” आणि थांबाभाऊंनी कागदावर लिहून दिलं, यंत्रात कोणताही दोष आढळला नाही. खाली सही.

ताईची नोकरी गेली. जाताना ती त्यांच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मी लिहिलं होतं रे.” त्यावर ते खाली बघून म्हणाले होते, “ताई, यंत्र खोटं बोलत नाही.”

त्यानंतर ती त्यांच्या घराची पायरी चढली नाही.

*

सर्व्हरच्या खोलीत थांबाभाऊंनी पहिल्यांदा डेटाबेस बंद केला. मग त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, मग तिची आणखी एक. क्रम कुठे चुकला नाही. मग त्यांनी जे तीन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. त्या दिवसाचा सर्व्हरचा लॉग उघडला. सर्व्हर कधी उठला, कधी निजला, कोण आलं, कोण गेलं, याची ती रोजनिशी. मित्राने शपथ घेतली होती, म्हणून तेव्हा त्यांनी ती उघडलीच नव्हती.

सात बावन्न, सर्व्हर चालू. पेटी जोडलेली नाही. बारा वाजून चार मिनिटं, प्रशासकाच्या नावाने प्रवेश, सर्व्हर बंद. बारा अकरा, चालू. पेटी जोडली.

दोनदा. एकदा नाही.

थांबाभाऊंनी दोन्ही वेळा परत वाचल्या. ज्याच्या शब्दावर आपण सख्ख्या बहिणीला खोटं पाडलं, तो माणूस बाराला स्वतःच्या हाताने सर्व्हर बंद-चालू करून सगळं जाणून होता. म्हाताऱ्याला इंजेक्शन तीनला दिलं होतं. मधे तीन तास होते.

प्रतीतली यादी शोधत त्यांनी सतरा नंबरची नोंद उघडली. त्या म्हाताऱ्याचीच होती. त्यांनी एक ते एक्केचाळीस नोंदी आणि लॉगचं ते पान छापून घेतलं आणि जिना चढून वर गेले.

*

साहेबांनी कागद पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. दार बंद आहे ना, हे बघितलं.

“हे कुठून काढलंस?”

“काढलं नाही. आपोआप वर आलं. तिथेच होतं तीन वर्षं.”

“मला वाटलं, ते पुसलं गेलं असेल.”

म्हणजे नाकारायचाही प्रश्न नव्हता. थांबाभाऊंना कुठेतरी आशा होती, की तो म्हणेल, अरे, मला काहीच माहीत नव्हतं. तसं म्हणाला असता तर त्यांनी कदाचित विश्वासही ठेवला असता. इतकी जुनी सवय होती ती.

“ताईने तुला येऊन सांगितलं होतं?”

“अकराच्या सुमारास. शिबिराची गर्दी होती. म्हटलं, बाराला पाळी बदलली की बघू. बंद करून तुझ्या क्रमाने चालू केलं. जुनं सगळं दिसायला लागलं. म्हटलं, सुटलो. सकाळची चाळीसेक नावं गेली, तर दुपारी परत विचारून घेतील लोक.”

“डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? मी बटण चुकीचं दाबलं म्हणून? त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद वर गेला होता.” साहेब उठून खिडकीशी गेला. “आणि पुढे म्हाताऱ्याचं तसं झाल्यावर तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. कुणाची तरी नोकरी जाणारच होती रे.”

“माझ्या बहिणीची?”

“तू पण सही केलीस ना?” साहेब एकदम वळला. “तुझं खातं होतं. लॉग तुझ्या हातात होता. तू बघितलास? सगळं माझ्या डोक्यावर नको फोडूस.”

हे बरोबर होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. केसाने गळा कापणारे पुष्कळ ऐकले होते. पण इथे गळा कापायला केस आपणच काढून दिला होता.

साहेबाने आवाज खाली आणला. “हे बघ, तुला निवृत्तीला आठ दिवस राहिले. तू मागे सुचवलेली ती दुरुस्ती, क्रम यंत्रातच घालून देण्याची, ती करून टाक आज. माझी परवानगी. पुन्हा कुणाकडून असं व्हायला नको. आणि ते खालचं पुसून टाक. ताईंना आता काय, पासष्टी उलटली. परत खिडकीवर थोड्याच बसणार आहेत?”

थांबाभाऊंनी कागद गोळा केले.

“दुरुस्ती करतो,” ते म्हणाले. “पुसणार नाही.”

“थांब्या, वीस वर्षांची दोस्ती आहे आपली.”

“एकोणीस,” थांबाभाऊ म्हणाले आणि दार उघडंच टाकून खाली आले.

*

दुरुस्ती केवढी? तीन ओळींची. डेटाबेस कसा उठावा हे सांगणारी एक फाइल असते, तिच्यात लिहायचं, की पेटी जोडली गेल्यावरच ऊठ. पेटी आली नाही, तर उठूच नकोस. आणि चालता चालता पेटी सुटली, तर तूही बंद हो. वर आणखी एक बंदोबस्त, पेटीखालच्या फोल्डरला असं कुलूप घालायचं, की पेटी नसताना त्यात कुणाला एक अक्षर लिहिता येऊ नये.

चौदा वर्षांपूर्वी त्यांनी हे साहेबाला सुचवलं होतं. साहेब म्हणाला होता, “चालतंय ना? चालत्या गाडीला कशाला खीळ?” थांबाभाऊंनी फार आग्रह धरला नाही. का धरला नाही, हे आज की-बोर्डवर बोटं ठेवून बसल्यावर त्यांना कळलं. वीज गेली की सगळं हॉस्पिटल त्यांची वाट बघायचं. डॉक्टरसुद्धा त्यांना ‘झालं का हो?’ विचारायचे. घरी बायको हसायची, की तुमच्यावाचून तिथे पान हलत नाही. ते त्यांना आवडायचं. तीन ओळी लिहिल्या असत्या, तर थांबाभाऊंची कुणाला गरज राहिली नसती.

आपल्या मोठेपणाचीही किंमत ताईनेच दिली.

त्यांनी ओळी लिहिल्या. मग पेटीची केबल उपसून सर्व्हर बंद करून चालू केला. डेटाबेस उठला नाही. पडद्यावर लाल अक्षरांत आलं, की ज्याच्यावर मी अवलंबून आहे ते आलेलं नाही, म्हणून मी सुरू होणार नाही. एवढ्या वर्षांत पडद्यावरची चूक वाचून त्यांना प्रथमच बरं वाटलं. खोटी वही उघडून बसण्यापेक्षा उठलाच नाही, हे केव्हाही चांगलं. त्यांनी केबल जोडली, परत सगळं बंद करून एकदम चालू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. पेटी सावकाश जागी झाली. तिच्या मागोमाग डेटाबेस उठला. त्यांनी कुठेही हात लावला नव्हता.

खिडकीवर पहिला नंबर आला दोन लाख अकरा हजार सहाशे चार. सकाळच्या पाच आणि कागदावरच्या बारा नोंदी त्या बाईने पुन्हा भरल्या, कुरकुर करत.

दुपारी थांबाभाऊंनी मुख्य डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन पानी अर्ज ठेवला. सोबत यादी, लॉग आणि जुन्या चौकशीतल्या आपल्या सहीच्या कागदाची प्रत. बाईंनी उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, मग बसून दुसरं.

“यात दोषी म्हणून तुमचंही नाव आहे.”

“आहे. लॉग न बघता सही केली, असं स्पष्ट लिहिलंय.”

“आठ दिवसांनी निवृत्त होताय ना तुम्ही? याने ते लांबेल. कदाचित निवृत्तीचा पैसाही थांबेल.”

“थांबू दे,” थांबाभाऊ म्हणाले.

*

ताई आता एका कपडे शिवण्याच्या कारखान्यासाठी घरी बसून बटणं लावून देई. दार तिने उघडलं, त्यांना पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन परत आपल्या जागेवर बसली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. थांबाभाऊ चपला काढून समोरच्या स्टुलावर टेकले. खोलीत शर्टांचे गठ्ठे होते आणि बटणांचा एक डबा.

त्यांनी यादी पुढे केली. “ताई, सापडल्या.”

तिने सुई शर्टात टोचून ठेवली. चष्मा लावला. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत खाली आली, मनातल्या मनात, ओठ हलवत. सतरावर बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘इंजेक्शनचा त्रास: होय. पूर्वी अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. दोनदा विचारले, दोनदा होय म्हणाले.’

तिने ती ओळ दोनदा वाचली.

“मला आठवत होतं,” ती म्हणाली. “निळा शर्ट होता त्यांचा. सून बरोबर होती. पहिलं वर्षभर मला लख्ख आठवत होतं. मग सगळेच म्हणतात, तेव्हा मलाही वाटायला लागलं, की नसेलच लिहिलं. मनाचे खेळ असतील. रात्र रात्र त्या म्हाताऱ्याची माफी मागायची रे मी.”

थांबाभाऊंना वर बघवेना. “साहेबाने मला सांगितलं होतं, की एकदाच—”

“मी पण सांगितलं होतं.”

ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी अर्जाचं सांगितलं, लॉगचं सांगितलं, आता यंत्राला क्रम शिकवलाय हेही सांगितलं. “मी चुकलो, ताई. मोठा घात केला तुझा.”

“हो. केलास,” ताई म्हणाली.

मग ती परत यादीकडे वळली. सतराच्या पुढे गेली, अठरा, एकोणीस, शेवटच्या नावापर्यंत. संपल्यावर पुन्हा वर आली आणि नवव्या नावापाशी तिने कागद उजेडाकडे धरला.

“इथे माझं चुकलंय. या आजी चौसष्ट वर्षांच्या होत्या. मी शेहेचाळीस लिहिलंय. पेन आहे?”

थांबाभाऊंनी खिशातलं पेन दिलं. तिने शेहेचाळीसवर एक आडवी रेघ मारली. खाडाखोड नाही, खालचा आकडा वाचता यावा अशी, हॉस्पिटलच्या शिस्तीप्रमाणे. शेजारी चौसष्ट लिहिलं.

“तारीख कुठली घालू? तेव्हाची की आजची?”

“आजची घाल.”

तिने आजची तारीख घातली. खाली पूर्ण सही केली आणि सहीखाली सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘खिडकी क्रमांक दोन.’